भाजीच्या गाडीतून

रस्ता शांत झाला तेव्हा पहिले काही दिवस बाळाबाईला झोपच लागेना. बेळगावहून गोव्याला जाणारा रस्ता कणकुंबीत तिच्या परड्याला लागूनच जातो. शनिवार आला की गाड्यांची नुसती रीघ, हॉटेलांतून तळणाचा वास, गाडीतून उतरून फोटो काढणाऱ्या पोरापोरींचा दंगा. ते सगळं एकदम बंद झालं. बस बंद, हॉटेलं बंद, देवळाला कुलूप. रानातला मोर भर दुपारी डांबरावरून चालत जायचा आणि पलीकडच्या डोंगरात कुणी लाकूड तोडलं तरी त्याचा ठोका तिला उंबऱ्यात बसून ऐकू यायचा. जागेपणीच आपण झोपेत वावरतोय असं तिला वाटे.

भाजीची एक गाडी तेवढी चुकत नव्हती. ती भरमूची. बेळगावच्या मार्केटात कोबी, फ्लॉवर, कोथिंबीर भरून तो निघायचा आणि दिवस उगवायच्या सुमाराला कणकुंबीत पोचायचा. माणसांना घाट उतरायला बंदी होती, भाजीला नव्हती. चहाची टपरी बंद पडल्यापासून तो बाळाबाईच्या दारापुढं गाडी थांबवायचा. ती कप परड्याच्या दगडी गडग्यावर ठेवून चार पावलं मागं सरायची. तो तोंडावरचा फडका हनुवटीखाली ओढून उभ्याउभ्याच चहा प्यायचा आणि जाताना कोथिंबिरीची पेंढी गडग्यावर ठेवून जायचा.

बाळाबाईचं लक्ष मात्र त्या गाडीच्या पुढच्या वाटेकडं असायचं. तिची एकुलती एक लेक दिपाली घाटाखाली सांखळीला दिलेली. जावई ओमकार तिथंच एका कारखान्यात कामाला. लग्नाला सहा-सात वर्षं झाल्यावर आता कुठं दिपालीला दिवस गेले होते. पाडवा झाला की ओटी भरून तिला माहेरी आणायचं ठरलं होतं. बाळाबाईनं आतली खोली सारवून घेतली, बाजेला नवी दोरी ओढून घेतली, डिंक आणि खारका आणून ठेवल्या. आणि पाडव्यालाच सगळा देश बंद झाला.

ओमकारनं पाससाठी किती खटपट केली, पण पास काही मिळाला नाही. दिपालीचा फोन यायचा तेव्हा बाळाबाई परड्यातल्या फणसाखाली जाऊन उभी राहायची, तिथं तेवढी रेंज यायची.

"आई, इथं कोण न्हाय गं माझं," दिपाली म्हणायची. "शेजारीण दारसुदीक उघडत न्हाय. सासूबाई असत्या तर गोष्ट येगळी हुती."

"ओमकार हाय की."

"त्येला भात लावाय सांगितला तर पाणी किती घालू म्हणून तीनदा इचारतो." दिपाली हसली, आणि हसता हसताच तिचा आवाज बदलला. "तू ये गं आई."

फोन ठेवल्यावर बाळाबाई बराच वेळ फणसाला टेकून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी भरमूचा चहा पिऊन झाल्यावर तिनं विचारलं, "भरमूअण्णा, तुझ्या गाडीत माझ्यापुरती जागा व्हईल काय रं?"

भरमूला आधी हसू आलं. मग तिच्या तोंडाकडं बघून त्यानं कप गडग्यावर ठेवला. "काकी, माणूस सापडलं तर गाडीच धरून ठेवतील. माझं पोट हाय ह्या गाडीवर."

"बरं," बाळाबाई म्हणाली. परत तिनं तो विषय काढला नाही. चहा मात्र रोज देत राहिली, आणि भरमूला तो चहा रोज थोडा जड जायला लागला. मधे काही दिवस गेले. एका सकाळी कपातल्या चोथ्याकडं बघत तो आपण होऊनच म्हणाला, "उद्या माल कमी भरतोय. मधी एक माणूस बसंल. पर घाट उतरेस्तोवर तोंडातनं चकार शब्द काढायचा न्हाय."

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं. नागोजी अबोल माणूस. दिवसभरात गुरांशी बोलेल तेवढंही घरात बोलायचा नाही. तो कोयत्याला धार लावत बसला होता.

"पोलिसांनी धरलं तर?" त्यानं विचारलं.

"धरू देत. मी काय चोरी करतीया व्हय?"

त्यानं कोयता परत दगडावर ओढला. सकाळी ती आवरून बाहेर आली तेव्हा दारात एक पोतं होतं, आत भाताचं पिंजर कोंबून तोंड शिवलेलं. "खाली फळ्या असत्यात," नागोजी गुरांच्या गोठ्याकडं जात जात म्हणाला. "कंबर धरंल."

भरमूनं ताडपत्री वर उचलली. कोबीच्या जाळ्यांच्या मधोमध त्यानं विहिरीसारखी जागा सोडली होती. बाळाबाई त्या पोत्यावर मांडी घालून बसली, बोचकं पोटाशी धरलं. बोचक्यात डिंकाचे लाडू होते, बाळंतशेपा, ओवा, वेखंड, आणि तिच्या स्वतःच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली एक लहानशी वाकळ. ताडपत्री खाली आली. गाडी हलली.

ताडपत्री निळी होती. बाहेर उजाडत गेलं तसा आत निळा उजेड झिरपत आला आणि बाळाबाईला वाटलं, आपण एखाद्या डोहाच्या तळाशी बसलोय आणि वरून कुणीतरी पाणी ढवळतंय. ओल्या कोथिंबिरीचा वास इतका दाट होता, की श्वासाबरोबर हिरवं काहीतरी आत जातंय असं वाटे. जाळ्यांतून पाणी ठिबकत होतं. थंडगार. गावात या दिवसांत सकाळीसुद्धा घाम फुटायचा, आणि इथं तिच्या हातावर काटा उभा राहिला होता.

चोर्ला गाव मागं पडलं आणि घाट लागला. गाडी एका अंगाला झुकायची, मग सावकाश दुसऱ्या अंगाला. लहानपणी ती आईबरोबर याच डोंगरातून पायवाटेनं खाली उतरायची. आई डोक्यावर शेंगांची पाटी घेऊन जायची आणि येताना मीठ, सुकी मासळी आणायची. चढावर दमली की आई तिला पाठीशी घ्यायची आणि आईच्या पाठीवर ती अशीच डुलत यायची, एकदा ह्या अंगाला, एकदा त्या अंगाला. बाळाबाईचे डोळे मिटले. पाटी, मीठ, आईच्या मानेवरचा घाम, सगळं जवळ आलं. "आलं काय गं गाव?" तिनं विचारलं, आणि आई म्हणाली, "नीज अजून."

डोळे उघडले तेव्हा आजूबाजूला कोबीचे गड्डे होते. पानांची कुंची घातलेली, टाळू झाकलेली, गाढ झोपलेली तान्ही पोरं, जाळ्या भरभरून. एक गड्डा जाळीच्या कडेवर येऊन डुगडुगत होता. बाळाबाईनं त्याला हात लावून आत सारलं, आणि वरून हलकेच थोपटलं. मग आपण काय करतोय ते कळून ती स्वतःशीच हसली. पण हात तिनं काढून घेतला नाही.

गाडी थांबली. इंजिन बंद झालं. नाका आला असावा म्हणून बाळाबाईनं पदर तोंडात धरला. बाहेर कुणीच बोलत नव्हतं. केबिनच्या मागच्या फटीतून भरमूचा अगदी हलका आवाज आला, "काकी, हालू नका. गवं आल्यात."

तिनं ताडपत्रीची कड बोटभर वर केली. रस्ता धुक्यानं भरला होता आणि धुक्यात काळे डोंगर उभे होते. मग त्या डोंगरांना पाय दिसले, गुडघ्यापर्यंत पांढरे. रस्त्याच्या मधोमध सबंध कळप उभा होता, जशी काही ही वाट त्यांचीच होती आणि माणसांनी मधली काही वर्षं उगाच वापरली. एक गवी आपल्या पिल्लाला चाटत होती. पिल्लू तांबूस, अजून पाय नीट न टेकणारं. जिभेचा खरखरीत आवाज तिला गाडीत बसून ऐकू येत होता. गवीनं मान वर करून गाडीकडं बघितलं. बाळाबाई तिच्याकडं बघत राहिली. भीती अशी वाटलीच नाही. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग कळप एकामागून एक खालच्या रानात उतरला, फांद्या हलल्या, धुकं परत जागच्या जागी मिटलं, आणि भरमूनं गाडी चालू केली.

गोव्याच्या हद्दीवर, केरीच्या नाक्यावर मात्र लपणं टिकलं नाही. एका पोलिसानं मागं येऊन ताडपत्री उचलली, आणि जाळ्यांच्या मधून केसांत कोथिंबीर अडकलेली म्हातारी आपल्याकडं बघतेय हे दिसताच तो दचकून मागं सरला.

"गो मावशे! तूं हांगा कितें करता?"

"लेकीचं बाळंतपण हाय बाबा," बाळाबाई म्हणाली. दुसरं काही तिला सुचलं नाही.

त्याचा साहेब आला. भरमूनं हात जोडले. साहेब आधी भरमूवर चांगलाच तापला, मग बाळाबाईकडं बघत टोपी काढून कपाळ पुसू लागला. आत सोडलं तर त्याच्या नोकरीवर येणार. गाडी अडवली तर भाजी उन्हात सडणार. अखेर त्यानं सांगितलं, बाईनं इथंच उतरायचं, गाडीनं पुढं जायचं, आणि माल उतरून परत येताना ज्यानं आणली त्यानंच हिला वर न्यायची.

बाळाबाई उतरली. बोचकं तिनं भरमूच्या हातात दिलं, ओमकारचा फोन नंबरही दिला. पोलिसानं बोचक्यावर औषधाचा फवारा मारायला पिचकारी उचलली तशी ती पुढं झाली. "लाडवावर न्हाय हं! वरच्यावर मार." त्यानं निमूटपणे वरच्या वर मारली. कोबी गेला, कोथिंबीर गेली, बोचकं गेलं, आणि बाळाबाई नाक्याच्या दोन फाटकांच्या मधल्या तुकड्यावर काजूच्या झाडाखाली एकटी उरली. वरचं गाव मागं राहिलेलं, खालच्या गावात शिरता येत नाही. मधल्या त्या जागेचं नाव काय, कुणाला विचारायचं, तिला कळेना. झाडाखाली पिकलेली बोंडं पडली होती, त्यांचा आंबूस वास येत होता. ती खोडाला टेकली.

फोन वाजला. इथं रेंज भरपूर होती.

"आई," ओमकार धापा टाकत होता. "पहाटेपासनं कळा सुरू झाल्यात. दवाखान्यात आणलंय. मला आत सोडत न्हाईत. थांबा, शिस्टर फोन आत नेते म्हणत्यात."

मग खडखड झाली आणि दिपालीचा आवाज आला. "आई, कुठं हाईस?"

"हितंच हाय. केरीला. तुझ्या उशाला."

"मग ये की!"

"येती की. तू दम लाव बघू. तोंड मीट. ओरडण्यात जोर घालवू नगंस." बाळाबाई बोलत राहिली. काय काय बोलली ते तिला नंतर आठवलं नाही. फणसाला फळं कशी लागलीत ते सांगितलं, गव्याचं पिल्लू सांगितलं, पाय टेकत नव्हतं तरी कसं उभं राहिलं ते सांगितलं. मधे दिपालीचा श्वास येई, मधे नुसतं कण्हणं. मग कुणीतरी फोन काढून घेतला आणि बंद झाला.

तो पोलीस एव्हाना लांबच्या दगडावर बसला होता. त्यानं थरमासातला चहा कागदी कपात ओतून मधे ठेवला होता. थोड्या थोड्या वेळानं तो विचारायचा, "जालें?" आणि बाळाबाई मान हलवायची. ऊन काजूच्या पानांतून खाली आलं, सरकत सरकत तिच्या पायांवर चढलं. तिला परत डुलकी लागू पाहत होती, आणि डुलकीत ती कधी बाळंतीण असायची, कधी पोटातलं पोर, कधी दाराबाहेर बसलेली तिची आई.

फोन वाजला तेव्हा पोलीसच आधी उठून उभा राहिला.

"मुलगी झाली," ओमकार म्हणाला आणि रडायला लागला. "दोघी बऱ्या हाईत. बोचकं बी पोचलं. भरमूअण्णा दवाखान्याच्या दाराशी देऊन गेले." त्यानं फोन उचलून कुठंतरी धरला. आधी काहीच नाही, मग एक बारीक, चिरका, रागावलेला आवाज. बाळाबाईनं फोन कानात रुतवून घेतला.

"चली जाली," तिनं पोलिसाला त्याच्याच बोलीत सांगितलं. त्यानं खिसे चाचपले, पेपरमिंटच्या चार गोळ्या काढल्या, दोन दगडावर ठेवल्या आणि दोन स्वतः तोंडात टाकल्या. "गोड खा मावशे," तो म्हणाला. "आजी जाली मगो तूं."

भरमू परत आला तेव्हा गाडी रिकामी होती, आणि लपायचं कारणच न उरल्यानं बाळाबाई केबिनमधे त्याच्या शेजारी राणीसारखी बसून घाट चढली. गोळी तिनं गालात धरून ठेवली होती.

कणकुंबीच्या तोंडाशी मात्र नवाच पेच उभा राहिला. पंचायतीची माणसं आणि गावातली आरोग्यसेविका आशाबाई फाटकाशी उभी होती. गोव्याहून येईल त्याला शाळेत वेगळं ठेवायचा नियम होता, माल नेणाऱ्या गाडीवाल्याला तेवढी सूट.

"अगं, मी गोव्यात गेलीच न्हाय!" बाळाबाई म्हणाली. "त्येंनी आत घेतलं असतं तर आलेच नसते की परत!"

"हद्दीपतूर गेलतीस न्हवं काकी? मग झालं," आशाबाई म्हणाली. तिचाही नाइलाज होता.

अशी बाळाबाई जन्मात पहिल्यांदा शाळेत गेली. लहानपणी भावंडं सांभाळण्यात ते राहूनच गेलं होतं. खोलीत बाकं भिंतीला लावून ठेवलेली, फळ्यावर कुणाचं तरी अर्धं पुसलेलं कानडी अक्षर, खिडकीबाहेर जांभळीचं झाड. पहिल्या दिवशी ती उगीचच झाडू शोधत फिरली. झाडून झालं, पाणी भरून झालं, आणि मग करायला काहीच उरलं नाही. ना धार काढायची, ना शेण भरायचं, ना भाकरी थापायच्या. ती आडवी झाली. तिला झोप लागली ती दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावरच उतरली. उठली, पेज प्यायली, परत झोपली. झोपेत निळं पाणी यायचं, धुकं यायचं, पानांच्या कुंच्या घातलेली पोरं एका ओळीत यायची.

तिची जाऊ अक्काताई खिडकीच्या कट्ट्यावर डबा ठेवून जायची. पहिल्याच दिवशी डब्यात हळिवाची खीर निघाली, मऊ भात, वर तुपाची धार, शेपूची भाजी.

"हे काय गं? बाळंतिणीचं जेवाण?" बाळाबाईनं विचारलं.

"दिपालीला करायची हौस हुती, ती राहिली," अक्काताई लांबूनच म्हणाली. "आता तू खा. कुणाच्या तरी अंगी लागू दे." मग आळीतल्या बाकीच्या बायकांनीही तेच धरलं. कुणी लसणाची चटणी, कुणी खोबऱ्याच्या वड्या.

नागोजी सकाळी चुलीवर तापवलेलं पाणी हंड्यातून आणून मागल्या पडवीत ठेवून जायचा. संध्याकाळी गुरं बांधून झाली की यायचा आणि शाळेच्या गडग्यावर बसायचा. आधी नुसताच बसायचा. मग एक दिवस तांबडी गाय कशी लाथा झाडते ते त्यानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी भात खाली लागला ते सांगितलं. घरात तीस वर्षं जेवढं बोलला नव्हता तेवढं तो त्या गडग्यावरून बोलायला लागला. मधे खिडकीचे गज होते, अंधारून येत होतं, एकमेकांची तोंडं धड दिसत नव्हती, म्हणूनही असेल.

अशाच एका संध्याकाळी बाळाबाईनं विचारलं, "एक इचारू? दिपाली झाली त्या दिशी तुमी कुठं गेलतासा? सांजच्याला घरात आलासा. पोरीचं तोंड बी बघितलं न्हवतं." हे विचारायचं तिनं इतकी वर्षं टाळलं होतं. उत्तर आपल्याला माहीत आहे अशी तिची खात्री होती.

जांभळीवरून एक फळ पत्र्यावर पडलं.

"रानात गेलतो," तो म्हणाला. "रडाय."

"पोरगी झाली म्हणून?"

"खुळी काय तू?" तो एकदम म्हणाला. "सुईणीनं मला सकाळी सांगितलं हुतं, बाई वाचंल असं वाटत न्हाय. मग दुपारी म्हणाली, वाचली. मला घरात उभं राहवंना. गड्यामाणसानं चार बायकांत कसं रडायचं? म्हणून गेलतो."

बाळाबाईनं गजांना धरलं. नागोजीनं धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं, उठला, आणि "उद्या पाणी जरा लवकर आणतो," एवढं म्हणून अंधारात चालता झाला. तिनं त्याचा पांढरा सदरा रस्त्याच्या वळणापर्यंत बघितला. त्या रात्री तिला स्वप्न असं पडलं नाही, नुसतीच खोल झोप लागली.

तिला काही झालेलं नव्हतं, नियमाचे दिवस भरल्यावर ती घरी आली. मग पेरण्या झाल्या, कणकुंबीचा तो न थांबणारा पावसाळा झाला, गौरी-गणपती कुणालाही न बोलावता झाले. मुलीचं बारसं सांखळीतच दोघांनी मिळून केलं, नाव ऋतिका ठेवलं. आणि गणपती गेल्यावर घाटावरची फाटकं उघडली. पुढच्याच रविवारी ओमकार कुणाची तरी गाडी मागून घेऊन आला.

दिपाली उतरली तेव्हा खांद्यावर पोर आणि डोळ्यांखाली काळं होतं. तिला आईच्या गळ्यात पडून खूप काही सांगायचं असावं, पण पोरानं आजीकडं बघितलं मात्र आणि असा काही टाहो फोडला, की सगळ्यांचं बोलणंच राहिलं. बाळाबाई जवळ गेली की टाहो, लांब गेली की गप्प. ओमकार ओशाळला. "कुणाची सवयच न्हाय तिला," तो म्हणाला.

"असू दे की. वळख नको व्हय व्हायला?" बाळाबाई म्हणाली. "दिपा, तू आत जा. बाज घातलीया. आडवी हो."

"आंघोळ घालायची हाय तिला आई. गाडीत घामाघूम झालीया."

"म्हणूनच म्हणतीया, तू जा."

दिपाली गेली, आणि पाठ टेकताच तिला झोप लागली. नागोजीनं पाणी तापवलं. न्हाणीत बाळाबाई पाट सरकवून पाय लांब सोडून बसली, लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं, आणि ओमकारनं रडत्या पोरीला तिच्या पायांवर पालथं ठेवलं. पहिल्या तांब्याला पोरगी आणखीच किंचाळली. दुसऱ्याला थोडी थांबली. बाळाबाईनं तेलाचा हात पाठीवरून खाली ओढला, परत वर नेला, मान धरली, खांदे चोळले. न्हाणी वाफेनं भरून गेली. त्या वाफेत पोरगी हळूहळू ढिली पडली, गाल आजीच्या नडगीवर टेकला, मुठी उघडल्या. उंबऱ्यात नागोजी कोरडं फडकं पसरून दोन्ही हातांवर धरून कधीचा उभा होता.

"जरा थांबा," बाळाबाई हळूच म्हणाली. "हितंच झोपली."